इन्व्हर्टरची जुनी बॅटरी: ॲसिड ओतू नका, भरलेलीच परत द्या

खानापूरच्या ताईंनी विचारलंय: इन्व्हर्टरची बॅटरी उतरलीय, भंगारवाला 'पाणी काढून आणा' म्हणतो, तर ते परड्यात ओतलं तर चालेल का?

अजिबात नको, ताई. ते पाणी नव्हे, गंधकाम्ल आहे. घरच्या इन्व्हर्टरला असते तशा १५० एएच (अँपिअर-अवर, क्षमतेचं माप) ट्यूब्युलर बॅटरीत ते दहा-बारा लिटरांच्या वरच असतं, आणि त्यात शिसं मिसळलेलं असतं. सोडा टाकून आंबटपणा मरेल, शिसं मात्र मातीतच राहील. आपल्याकडे परड्यातच आड असतो, हे विसरू नका. भंगारवाला शिशाच्या वजनाचे पैसे मोजतो, म्हणून त्याला ती रिकामी हवी असते.

झाकणं घट्ट लावून, उभी, भरलेलीच बॅटरी नवी घेताना दुकानदाराला द्या. जुन्या बॅटरीची किंमत बिलात वजा झालीय ना, तेवढं बघून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती नेहमीच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्याकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देणं ही वापरणाऱ्याचीही जबाबदारी आहे.

काढण्याआधी मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. तासभर खिडक्या उघड्या ठेवा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. म्हणूनच बॅटरी बंद कपाटात किंवा देवघराच्या दिव्याजवळ कधीच ठेवू नये. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. पाना दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकला तर जाळ उडतो. वजन पन्नास-साठ किलो भरतं, दोघांनी उचला. टेम्पोत आडवी पडू देऊ नका. खाली प्लास्टिकचं टब ठेवा आणि दोरीने बांधा.

फरशीवर थोडं सांडलं तर खायचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत. डोळ्यात उडालं तर सोडा नको. वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

नवीन बॅटरीचं सांगायलाच हवं, कारण जांबोटीकडच्या पावसात करंट तासन् तास जातो आणि बॅटरी पूर्ण उतरते. तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग चार्ज घेत नाही. करंट आला की ती पूर्ण भरू द्या. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावरच घाला. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी चढून ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तरच त्या बुडण्यापुरतं आधी घाला. आडाचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात. वरून ॲसिडही घालू नका, कमी होतं ते पाणीच.

टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर आला तर पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. तेव्हा झाकणं बंदच हवीत, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. मग कोरडं पुसून पेट्रोलियम जेली लावा.

फुगलेली मोबाइलची बॅटरी ही वेगळी गोष्ट आहे. ती टोचू नका, दाबू नका, चार्जही करू नका. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण सैल ठेवून, घराबाहेर सावलीत पावसापासून जपून ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकली तर दाबली जाऊन पेट घेऊ शकते, आणि गाडीवरच्या माणसाला ते आधी कळणारही नाही.