वरचा मजला विटांचा की कारखान्यातला?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका काकांनी विचारलंय. वय ६४, निवृत्त, पेन्शन आहे. घर १९८४ चं, विटांच्या भिंतींवर उभं, कॉलम नाहीत. गच्चीवर ९०० चौरस फुटांत तीन खोल्या काढून भंवरकुआँच्या क्लासेसना येणाऱ्या मुलांना भाड्यानं द्यायच्या आहेत. ठेकेदार विटा-स्लॅबचे १,६५० रुपये फूट सांगतो आणि नऊ महिने मागतो. पीथमपूरकडचा एक कारखानदार स्टीलचा सांगाडा आणि तयार पॅनेलचं (कारखान्यात बनवलेल्या भिंती-छताच्या पाट्यांचं) काम १,९५० रुपयांत, तीन महिन्यांत करून देतो म्हणतो. पुण्याचा मुलगा म्हणतो, बाबा, डोकं नको खपवू, कारखान्याचंच घ्या. पैसे असे: एफडीत १५ लाख, सीनियर सिटिझन योजनेत २०२३ साली ठेवलेले १० लाख.

काका, आधी त्या कोटेशनचं शेवटचं पान उलटा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाली बारीक अक्षरांत ‘कर वेगळा’ असं लिहिलंय. कारखान्यात बनवलेल्या अशा इमारतीवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे १७ लाख ५५ हजारांचे झाले २० लाख ७१ हजार. ठेकेदाराचे १४ लाख ८५ हजार. त्याच्या सिमेंट-सरियावरचा कर त्याच्या दरातच मुरलेला असतो, वेगळा दिसत नाही. फुटामागे ३०० रुपयांचा वाटणारा फरक खरं तर ६५० चा आहे.

आता ‘लवकर होतं’ याची किंमत काढू. सहा महिने वाचले. तीन खोल्यांचं भाडं तुम्ही २१ हजार धरलंय, म्हणजे १ लाख २६ हजार. वर द्यायचे ५ लाख ८६ हजार. नुसत्या घाईसाठी हा सौदा मी करणार नाही. शिवाय वेगाच्या गोष्टी जरा बेतानं ऐका. मोहालीत २०१२ मध्ये दहा मजली इमारत ४८ तासांत उभी राहिली, ते खरं. पण तिचे भाग त्याआधी कारखान्यात बनत होते, ते दिवस त्या ४८ तासांत नाहीत. आपल्याच कनाडियाजवळच्या ‘लाइट हाउस’ या सरकारी घरबांधणी प्रकल्पात १,०२४ घरं पॅनेल पद्धतीनं बांधली. १ जानेवारी २०२१ ला पायाभरणी झाली, लक्ष्य बारा महिन्यांचं होतं, आणि ते पाळलं गेलं नाही. तंत्र चांगलंच आहे. तीन महिने म्हटले की मी पाच धरतो, एवढंच.

मग मुलगा चुकला का? नाही. पण त्यानं सांगितलेलं कारण चुकीचं आहे. तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची ओळ शेवटून दुसरी: ‘स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एक फट आहे, उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते.’ ही आपली काळी माती. पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते आणि घराला हलवते. त्या पायावर आता किती वजन चढवायचं, हा प्रश्न आहे. नऊ इंची विटेची दहा फूट उंच भिंत प्लास्टरसकट लांबीच्या दर फुटाला चारशे किलोंहून जास्त भरते. पाच इंची स्लॅब ९०० फुटांना २६ टनांच्या आसपास. पॅनेलची भिंत आणि हलकं छत याच्या बऱ्याच खाली राहतं. तुमच्या बाबतीत कारखान्याच्या बांधकामाचा खरा फायदा हलकेपणाचा आहे.

म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग कोटेशन. त्याची फी वाचवू नका. समजा तो म्हणाला की विटांचा मजला चढवायचा तर खालपासून नवे कॉलम उभे करा, आणि त्याला साडेतीन लाख लागले. वर चार महिने दुसरीकडे भाड्यानं राहायचे ६० हजार. ठेकेदाराचा आकडा गेला १८ लाख ९५ हजारांवर. फरक उरला १ लाख ७६ हजारांचा, त्यातून वाचलेल्या महिन्यांचं भाडं वजा केलं तर ५० हजार. मग मी डोळे झाकून पॅनेल म्हणेन. आणि इंजिनिअर म्हणाला, फट वरवरची आहे, भिंती दणकट आहेत, तर विटाच.

पण काका, पॅनेल घेतलं तरी तिन्ही खोल्या एकदम नको. वर्षात दहा महिने भाडं आणि ४० हजार डागडुजी-पाणी-बिजलीचे धरले तर हाती १ लाख ७० हजार. २० लाख ७१ हजारांवर ते होतात ८.२ टक्के. तुमच्या २०२३ च्या खात्याला पाच वर्षं पक्का मिळणारा दरही ८.२ च, आणि तिथे रात्री अकराला कुणी ‘अंकल, मोटर बंद पडली’ म्हणून दार वाजवत नाही. भाड्यावर करात तीस टक्के सरसकट वजावट मिळते, ही एक जमेची बाजू. पण खातं आता मोडलंत तर मुद्दलातून एक टक्का, दहा हजार, कापले जातील.

दोनच खोल्या, ६०० फूट, करासकट १३ लाख ८१ हजारांत बसतात. एफडीतून भागतं आणि सीनियर सिटिझनचं खातं २०२८ पर्यंत शांत राहतं. तिसरी खोली नंतर जोडता येते. पॅनेलच्या कामात ही सोय असते, फक्त सांगाडा पहिल्यापासून तीन खोल्यांचा आखून घ्या. आणि निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, परवानगीशिवाय, ‘हे तर पत्र्याचं, याला नक्शा कशाला’ या सल्ल्यावर काही करू नका.

कारखानदार ऑर्डरबरोबर ६० टक्के मागतो, ते मान्य करू नका. गच्चीवर एक खिळाही नसताना इतकी रक्कम गेली की तुमची बाजू लुळी. २० टक्के ऑर्डरला, मोठा हप्ता कारखान्यात माल स्वतः पाहिल्यावर, आणि दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हाती ठेवा. माझ्या एका ग्राहकाचं राऊजवळचं फार्महाउस अशाच पद्धतीचं. पहिल्याच जुलैत छताचे जोड गळले, आणि पूर्ण पैसे दिलेले असल्यानं फोन उचलायलाही कुणी नव्हतं. छताच्या आत इन्सुलेशन किती जाडीचं, तेही लेखी घ्या. मे महिन्यात वर अभ्यास करणारा मुलगा भाजला तर खोली रिकामी.

तुमच्या गल्लीची रुंदी मोजून कळवा, वरच्या तारांसकट. अख्ख्या खोल्या क्रेननं आणायच्या असतील तर गल्लीच्या वळणावरून येणार नाहीत. पॅनेल जिन्यानंही चढतात.

आणि त्या फटीच्या दोन्ही कडांना आजच पेन्सिलीनं खुणा करून शेजारी तारीख लिहा. इंजिनिअर आल्यावर पहिल्यांदा तेच विचारेल.