आई-बाबांना घेऊन तीन देशांच्या सीमाखुणेपर्यंत चालत जाता येईल का?

साताऱ्याहून येणाऱ्या साठीपुढच्या आई-बाबांना फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे जिथे एकत्र येतात त्या सीमाखुणेपर्यंत नेता येईल का आणि गाईड लागेल का, असं तुम्ही विचारलंय. जरूर न्या, गाईडही घ्या. मीही साताऱ्याचाच आणि माझ्या आई-वडिलांना घेऊन तिथे गेलो होतो.

ते अजिंक्यताऱ्यावर गाडीरस्त्याने, मधे टेकत का होईना, चालत जात असतील तर इथे अडचण येणार नाही. फिनलंडच्या वायव्य टोकाला किल्पिसयार्वी हे गाव आहे. तिथून मल्ला अभयारण्यातली पायवाट एका बाजूने 11 किलोमीटर पडते, तिच्या नादी लागू नका. उन्हाळ्यात गावाजवळच्या तलावातून बोट सुटते आणि पलीकडे स्वीडनच्या काठावर उतरवते. पुढे फक्त 3 किलोमीटर, तेवढेच परत. चढ नावापुरता. वाटेत दगडगोटे आहेत, त्यामुळे घोटा धरणारे बूट घ्या.

एक गोष्ट मात्र पक्की विचारून ठेवा. स्वीडन आणि नॉर्वेचं घड्याळ फिनलंडच्या एक तास मागे असतं. पलीकडे उतरलात की मोबाईल आपणहून वेळ बदलू शकतो. परतीची बोट कोणत्या देशाच्या वेळेने सुटते, हे चढतानाच विचारा.

खूण म्हणजे गोल्डायार्वी तलावात, काठापासून जरा आत बांधलेला काँक्रीटचा पिवळा बुटका शंकू, 1926 सालचा. लाकडी फळ्यांवरून तिथवर जाता येतं. आईने प्रदक्षिणा घातली, म्हणजे तीन देश मिनिटाभरात झाले! तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्याने वेगळा व्हिसा नको, पासपोर्ट मात्र जवळ असू द्या.

गाईड वाट दाखवायला नाही, गोष्ट सांगायला हवा. 1751 मध्ये स्वीडन आणि तेव्हाच्या डेन्मार्क-नॉर्वेने इथली सीमा आखली, तेव्हा सामी लोकांना, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना, रेनडिअरचे कळप घेऊन ती ओलांडायचा हक्क करारातच लिहून दिला. 1809 मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेला आणि 1852 मध्ये नॉर्वे-फिनलंड सीमा कळपांना बंद झाली. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेल्या धनगरांना घाटात अडवून परत पाठवावं, तसंच हे. वडील माण तालुक्यातले. हे ऐकल्यावर त्यांनी गाईडला प्रश्न विचारून विचारून थांबूच दिलं नाही. कळपांचं पुढे काय झालं, कुरणं कुणाला मिळाली, आता हक्क कोणाचा. ते सगळं मराठीत-इंग्रजीत करून सांगण्यातच माझा परतीचा रस्ता संपला. गाईड नसता तर आम्ही फोटो काढून निघालो असतो.

जूनच्या मध्यापर्यंत तलावावर बर्फ असू शकतो आणि जुलैत डास फार. आई-बाबांसाठी ऑगस्टची अखेर बघा, फक्त तेव्हा बोट चालू आहे ना ते बुकिंगआधी विचारा.