'जीप' आली कुठून, आणि ती 'ती' का?

विचारलेला प्रश्न असा : 'जनरल पर्पज'ची आद्याक्षरं 'जी.पी.', ती भरभर उच्चारून 'जीप' झाली, हे खरं का? आणि मराठीत ती स्त्रीलिंगी कशी?

ही व्युत्पत्ती इतकी सुटसुटीत आहे की तिथेच शंका यावी. 'जी.पी.' ही अक्षरं होती, पण फोर्डच्या कारखान्यातल्या संकेतात. त्यात 'जी' म्हणजे सरकारी कामाची गाडी आणि 'पी' म्हणजे ८० इंचांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. 'पर्पज'चा तिथे काही संबंध नाही.

शिवाय गाडी मुळात फोर्डची नव्हेच. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्टच्या आराखड्यावरून त्याच वर्षी सप्टेंबरात नमुना लष्कराच्या हवाली केला. कंपनीचा जीव लहान, म्हणून आराखडे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांच्याही हाती गेले. या दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांवर गाड्या काढल्या, तर बँटमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत!

शब्द मात्र या गाडीहून जुना आहे. अमेरिकी शिपायांच्या बोलीत नवख्या रंगरुटाला 'जीप' म्हणत, आणि चाचणीसाठी आलेल्या नव्या वाहनालाही. त्यातच १९३६ साली 'पॉपाय'च्या चित्रमालिकेत 'युजीन द जीप' हा अजब प्राणी अवतरला. तो वाटेल तिथे पोहोचायचा आणि 'जीप' एवढंच बोलायचा. (खायचा ऑर्किडची फुलं, इंधनाच्या बाबतीत गाडी त्याच्यावर गेली नाही.) १९४१च्या सुरुवातीला विलिसच्या चालकाने वॉशिंग्टनमध्ये ही गाडी थेट संसदभवनाच्या पायऱ्यांवर चढवून दाखवली. त्याची बातमी छापून आली आणि शिपायांच्या तोंडचं नाव घरोघर गेलं. माझं मत विचाराल तर शब्द आधीचा, फोर्डच्या 'जी.पी.'ने त्याला फार तर दुजोरा दिला.

आपल्याकडे १९४७पासून महिंद्रांनी मुंबईत विलिसच्या जीप जुळवायला घेतल्या. आता लिंगाचं. 'गाडी' स्त्रीलिंगी म्हणून जीपही स्त्रीलिंगी, असं सांगतात. मग ट्रक, टेम्पो, डंपर, ट्रॅक्टर हे 'तो' का? त्याही गाड्याच की. नीट पाहिलं तर माणसं नेणारी कार, बस, टॅक्सी, रिक्षा, व्हॅन 'ती', आणि ओझं वाहणारा 'तो', असा कल दिसतो. हा नियम नव्हे. ट्रॉली ओझं वाहूनही 'ती'च. पण जीप पहिल्या गटात सहज बसते, मग मागे दाटीवाटीने कितीही माणसं कोंबलेली असोत.

विभक्तीचे प्रत्यय लावताना मूळ शब्द बहुधा तसाच राहतो : जीपने, जीपला, जीपमध्ये. अनेकवचनात लोक अडखळतात आणि 'दोन जीप' म्हणून सुटका करून घेतात. 'जीपगाड्या' मला बरं वाटतं. खेड्यात खिळखिळ्या गाडीला 'जिपडं' म्हणतात, तेव्हा ती चक्क नपुंसकलिंगी होते. 'घोडा'चं 'घोडं' होतं त्यातलाच हा तुच्छतेचा सूर. पश्चिम महाराष्ट्रात तीच गाडी प्रवासी भरू लागली की 'वडाप', आणि मग ती कोणत्या कंपनीची हे कोणी विचारत नाही.