वाचकांचे प्रश्न : स्ट्रट बार, वेल्डिंग आणि चिखलदऱ्याचा घाट

प्रश्न : माझ्याकडे २०१० सालची होंडा सिव्हिक आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला महिन्यातून दोन-तीनदा जाणे होते. घाटातील वळणांवर गाडीचे तोंड सैल वाटते. म्हणून इंजिनावरून आडवा जाणारा स्ट्रट बार आणि गाडीखाली लावायचा बार असे दोन्ही मागवले आहेत. आमच्या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तयार करणारा एक चांगला कारागीर आहे. त्याचे म्हणणे असे, की नट-बोल्टच्या भानगडीत पडू नका, मी सरळ वेल्डिंग मारून देतो, जन्मात हलणार नाही. त्याचे ऐकावे का?
– एक संत्रा बागायतदार, ता. अचलपूर

उत्तर : ऐकू नये. त्या कारागिराच्या हातात कसब असेल, परंतु ट्रॉलीचे जाड चॅनेल आणि सिव्हिकचा पत्रा यांची जात वेगळी आहे. आपल्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पातळ पोलादी पत्रे ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडून केलेली बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, आणि त्या पत्र्यांवर गंज रोखणारे थर कारखान्यातच चढवलेले असतात. वेल्डिंगच्या आर्कचा (ठिणगीचा) ताप लागला की ते थर आतल्या बाजूने जळतात, जिथे पुन्हा रंगाचा ब्रश पोहोचत नाही. दोन पावसाळ्यांनंतर गंज नेमका त्या जोडापाशी दिसू लागतो. शिवाय पुढे कधी इंजिनाचे काम निघाले, तर बार गॅस कटरने कापावा लागेल.

आता सैलपणाविषयी. इतक्या जुन्या गाडीत तो बॉडीचाच असेल असे गृहीत धरू नये. लोअर आर्मचे (चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट (त्याच्या टोकाचा गोल सांधा) आणि स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबाच्या, माथ्यावरचे रबर आधी तपासून घ्यावे. बाजेचे गाते खुरांच्या भोकांत सैल झाले असतील, तर सुंभ कितीही ओढून बांधला तरी बाज डुलतेच. इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, दुसऱ्या कोणाला तरी स्टिअरिंग सावकाश डावी-उजवीकडे फिरवायला सांगावे आणि आपण बॉनेट उघडून स्ट्रटच्या माथ्याजवळ बोटे टेकवावीत. तिथे 'टक्' असा धक्का जाणवला, तर बारचा खोका तूर्त बंदच ठेवावा.

हे सारे ठीक निघाले, तर मात्र पुढचा बार लावण्यात अर्थ आहे. सिव्हिकच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे चाकाला बसणारा आडवा जोर स्ट्रटच्या माथ्यातून थेट बॉडीच्या टॉवरवर (माथा ज्यात बसतो त्या पत्र्याच्या उंचवट्यावर) येतो, आणि वळणात टॉवर किंचित झुकला की चाकाचा कोनही बदलतो. संत्र्याची लाकडी पेटी झाकणाशिवाय उचलली तर पिळते आणि झाकण ठोकले की ताठ होते, तसेच दोन टॉवर एकमेकांना बांधल्याने जोर वाटला जातो. मात्र हा बार म्हणजे अँटी-रोल बार नव्हे. गाडीचे वळणात एका अंगाला कलणे त्याने कमी होणार नाही. इतकेच, की स्टिअरिंग वळवल्याक्षणी तोंड थोडे अधिक नेमके वळेल.

बसवताना गाडी जॅकवर घेऊ नये, कारण चाके लोंबकळली की टॉवरांमधले अंतर बदलते आणि त्या स्थितीत आवळलेला बार कायमचा ताणात राहतो. सपाट सिमेंटच्या फरशीवर गाडी चारही चाकांवर उभी करावी आणि पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडावा. एका बाजूच्या टॉवरवरचे तीन नट काढून तिथली पट्टी बसवावी, नट हातानेच फिरवून ठेवावेत आणि मगच दुसऱ्या बाजूला जावे. मधल्या मोठ्या नटाला हात लावू नये. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे. भोके जुळत नसतील तर हातोडी मारून जुळवू नयेत. लांबी कमी-जास्त करता येणारा बार असेल, तर त्यातली ढिलाई संपेपर्यंतच फिरवावा, त्यापुढे नाही. शेवटी नट टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आणि होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याइतकेच आवळावेत. स्टडचे एक-दोन आटे नटाबाहेर दिसले पाहिजेत. पट्टीच्या जाडीमुळे नट अर्धवटच बसत असेल, तर तो बार परत पाठवावा.

बॉनेट आपटून पाहण्याआधी बारच्या सर्वांत उंच भागावर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवावा, बॉनेट अलगद लावून उघडावे आणि चपट्या झालेल्या कणकेची जाडी पाहावी. पाच-सहा मिलिमीटरसुद्धा उरत नसेल, तर आपल्या भागातल्या रस्त्यांवर पत्रा बारवर आपटणार हे नक्की. नट काढल्याने स्ट्रटचा माथा भोकांतल्या मोकळीकेइतका सरकू शकतो, म्हणून चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे आणि आठवडाभराने नट पुन्हा तपासावेत.

खालचा बार लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सिव्हिक आधीच बुटकी. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे डांबर लाटांसारखे होते, आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर गावकऱ्यांनी स्वतः घातलेला गतिरोधक असतोच. घाटात जे कमवाल, ते वेशीवर घासून जाईल. विमा कंपनीला मात्र वरच्या बारविषयी लेखी कळवून ठेवावे.

प्रश्न : माझ्या बोलेरोला असा बार लावला तर ती वळणात कमी डुलेल का?
– एक वाचक, ता. वरोरा

उत्तर : नाही. बोलेरोची बॉडी वेगळ्या शिडीसारख्या चासीवर ठेवलेली असते आणि चाकांचा जोर त्या चासीवर जातो, बॉडीच्या पत्र्यावर नाही. डुलण्याचे मुख्य कारण तिची उंची आहे. छतावरच्या कॅरिअरमधली पोती खाली घ्यावीत, शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळत नाही ना हे पाहावे आणि टायरमधली हवा दाराजवळच्या स्टिकरवरील आकड्याप्रमाणे ठेवावी.