अलिबागचं घर, मंडळाचा लिलाव आणि अमेरिकेतली वजावट

तुमचा बेत असा दिसतो : पुढच्या वर्षी न्यू जर्सीला आलात की अलिबागजवळच्या नागावच्या घरातला एक आठवडा दरवर्षी इथल्या मराठी मंडळाच्या निधी-लिलावात द्यायचा आणि त्याच्या भाड्याइतकी रक्कम देणगी म्हणून टॅक्स रिटर्नमध्ये वजा करायची. घर खुशाल द्या. वजावट मात्र एका डॉलरचीही मिळणार नाही.

घर तुमच्याच नावावर राहतं, देता तो फक्त वापराचा हक्क. अशा अर्धवट हक्काच्या देणगीला अमेरिकी करकायद्याच्या कलम १७० मध्ये (देणग्यांच्या वजावटीचं कलम) वजावट नाही. नेमक्या अशाच लिलावाबद्दल आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) १९८९ मध्येच निर्णय देऊन ठेवलाय. मंडळ रीतसर नोंदलेलं ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था, असलं तरी तेच. लिलावाच्या पत्रकात त्या आठवड्याची किंमत छापून येते, तिचा तुमच्या रिटर्नशी काही संबंध नाही.

खरी गोम पुढे आहे. इथले करदाते झालात की नागावचं भाडंही इथे दाखवावं लागतं. लिलाव जिंकणाऱ्याने मंडळाला पूर्ण बाजारभाव मोजला, तरी ते सात दिवस तुमचा खासगी वापर म्हणून धरले जातात. आईबाबा किंवा भाऊ सुटीला येऊन राहिले, अगदी भाडं देऊन राहिले, तरी तेही दिवस त्यातच. खासगी दिवस १४ किंवा भाड्याच्या दिवसांच्या १० टक्के, यातल्या मोठ्या आकड्याच्या वर गेले की खर्च भाड्यापुरताच वजा होतो, तोटा दाखवता येत नाही. कोकणातलं घर पावसाळ्यानंतर रंग, कौलं, पंपाची मोटर यांत किती खातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यापेक्षा तो आठवडा स्वतःच भाड्याने द्या आणि आलेल्या पैशाचा चेक मंडळाला द्या. यात एक छान सवलत आहे. वर्षभरात घर १५ पेक्षा कमी दिवसच भाड्याने गेलं आणि तुम्ही घरचे १४ पेक्षा जास्त दिवस राहिलात, तर ते भाडं अमेरिकेत उत्पन्नात धरतच नाहीत. (भारतात ते करपात्र राहतंच, आणि तुम्ही एनआरआय म्हणून भाडेकरूला भाड्यातून टीडीएस (आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर ऐनवेळी कुरकुर होते.)

चेकचीही पूर्ण वजावट मिळेलच असं नाही. २०२५ साठी जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाचा तपशील न देता मिळणारी सरसकट वजावट) ३१,५०० डॉलर होती; देणगीसकट वजा करता येणारा खर्च त्याहून जास्त झाला तरच देणगीचा वेगळा फायदा, आणि तेवढा खर्च बहुतेकांचा होतच नाही. २०२६ पासून स्टँडर्ड घेणाऱ्या जोडप्यालाही २,००० डॉलरपर्यंतच्या रोख देणगीची वजावट मिळते. २५० डॉलर किंवा जास्त दिलेत तर मंडळाची लेखी पावती रिटर्न भरण्याआधी हातात हवी.

आणि नागावच्या शाळेच्या ट्रस्टला थेट दिलेले पैसे इथे चालत नाहीत. त्यांची ८०जी म्हणून ओळखली जाणारी, देणगीवरच्या करसवलतीची पावती फक्त भारतातल्या रिटर्नला, तीही जुन्या करप्रणालीत राहिलात तरच.