'बास्तीद'साठी किल्ला, कसबा की पेठ?

प्रश्न असा आहे: नैऋत्य फ्रान्समधल्या मोंपाझिये या छोट्या बाजाराच्या गावाला फ्रेंचमध्ये 'बास्तीद' म्हणतात. मराठीत 'किल्ला' लिहिलं तर चालेल का?

चालणार नाही. गावाला वेशीचे दरवाजे आहेत आणि पॅरिसचा 'बास्तीय' (बॅस्टिल) हा तुरुंग सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो, त्यामुळे ही चूक होते. 'बास्तीद' हा मूळचा ऑक्सितान शब्द, अर्थ 'बांधलेली'. म्हणजे हळूहळू वाढलेलं गाव नव्हे, तर आखून वसवलेलं.

'कसबा'ही इथे नेमका बसत नाही. आपल्या जुन्या कागदांत साध्या गावाआधी 'मौजे' आणि बाजाराच्या गावाआधी 'कसबे' येतं. तो शब्द फ्रेंच 'बूर'साठी, म्हणजे आपोआप वाढलेल्या बाजाराच्या गावासाठी, राखून ठेवावा. गंमत म्हणजे 'बूर' आणि 'कसबा' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी गढी-कोटाचाच अर्थ आहे.

बास्तीदसाठी माझं मत 'पेठ'. कारण पेठ 'वसवतात'. पेठ वसवताना शेटे-महाजनांना वतन आणि वाणी-उदम्यांना काही वर्षांची करमाफी देणारा कौल मिळे. मोंपाझियेही असंच वसलं. 1284 साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड, जो तिथला ड्यूकही होता, त्याने ते वसवलं. त्यासाठी बिराँच्या सरदाराशी करार केला. अशा गावांत येणाऱ्याला घरासाठी मापाची जागा, बाजाराचे हक्क आणि करांत सवलती लेखी मिळत. त्या सनदेला 'कौलनामा' म्हटलं की अर्थ लगेच पोचतो.

बाकीचे शब्दही घरातच आहेत. चौकाभोवतीच्या कमानींखालच्या जागेला 'व्हरांडा' कशाला? देवळाच्या आवारात असतात तशा त्या ओवऱ्याच. फरक एवढाच की वर लोकांची घरं आहेत. चौकातल्या लाकडी छपराच्या 'आल'ला मंडई म्हणावं. तिथे धान्य मोजायची जुनी मापं अजून जागेवर आहेत. मात्र दर गुरुवारी जो भरतो तो 'बाजार'. मंडई ही वास्तू, बाजार ही घटना. दोन्हींची सरमिसळ करू नये.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो 'बोळ' लिहिताना. घरांच्या मागून जाणारा अरुंद रस्ता, 'कारेरू', हा बोळ. पण शेजारशेजारच्या दोन घरांमध्ये आग पसरू नये म्हणून सोडलेली जेमतेम वीतभर-हातभर जागा, 'आंद्रोन', हिच्यातून माणूस जाऊच शकत नाही. तिला 'सांद' म्हणावं.

वाक्य असं करता येईल: 'मोंपाझिये ही 1284 साली कौल देऊन वसवलेली पेठ, चौकाला ओवऱ्या, मधोमध मंडई, दोन घरांत सांद.'