वाचक विचारतात : परसात पोरांना खेळायला काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही डिचोलीला राहतो, घर जुनं आहे, मागं परस बऱ्यापैकी मोठं, दोन माड, एक फणस, एक काजू आणि कोपऱ्यात विहीर. मुलगी ६ वर्षांची, मुलगा ३ चा. शाळेतून आले की दोघांना मोबाईल हवा. नवरा म्हणतो ऑनलाइन घसरगुंडीचा सेट मागवू, वीस हजार जातील पण पोरं बाहेर तरी पडतील. सासूबाई म्हणतात परसात किरडू (साप) असतं आणि चिखलात खेळून आजारी पडतील ते वेगळंच. मी मधल्यामधे. काय करू?
– एक आई, डिचोली

उत्तर : अगं, सेट मागवू नको, निदान एवढ्यात तरी नको. आम्ही मागवला होता. एप्रिलमध्ये आला, दुपारी तीनला धाकट्यानं त्यावर बूड टेकलं आणि जो ओरडत उठला तो परत संध्याकाळपर्यंत तिकडे फिरकला नाही, आणि आठवड्याभरात दोघंही त्या सेटच्या खोक्यात बसून बस-बस खेळत होते. घसरगुंडी आहे अजून. पायपुसणी वाळतात तिच्यावर.

पोरांना हलवता येतील, मोडता येतील अशा वस्तू लागतात गं. डेन्मार्कमधल्या एका लँडस्केप आर्किटेक्टनं, सोरेनसन त्यांचं नाव, हे बघितलं होतं की पोरं छान बांधलेल्या बागेपेक्षा बांधकामाच्या जागी पडलेल्या भंगारात जास्त रमतात, म्हणून १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुपला चक्क भंगाराचं मैदान सुरू केलं. फळ्या, विटा, दोऱ्या. आता तूच बघ, तुझ्या परसात यातलं काय नाही? करवंट्या, चुडतं (माडाच्या झावळ्या), सोडणं (नारळाची वरची सालं), चार जास्तीचे चिरे (जांभ्या दगडाचे), सगळं फुकट पडलंय.

पहिलं काम म्हणजे एक खुर्ची घे आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारात बस. तिथून जेवढं परस दिसतं तेवढीच खेळायची जागा, पलीकडचं नाही. भाजी चिरता चिरता मान वर केली की दोघं दिसली पाहिजेत, नाहीतर दहा मिनिटांनी तूच हाक मारून आत घेणार आणि परत मोबाईल देणार.

मग विहीर. पोरांना बाहेर सोडायच्या आधी हे, बाकी सगळं नंतर. कठडा आहे म्हणून गप्प बसू नको, ३ वर्षांचं पोर बादली उलटी घालून चढतं. लोखंडी जाळी बसवून घे आणि कुलूप लाव. आणि भरलेली बादली, टब असलं काही उघडं ठेवू नको, तेवढ्या पाण्यातसुद्धा लहान पोर बुडतं. माडाखाली काहीच मांडायचं नाही, नारळ पाडणाऱ्या पाडेलीला वेळेवर बोलावलंस तरी एखादा नारळ नाहीतर सुकलेलं चुडत सांगून पडत नाही.

झोपाळा फणसाला, जाड आडव्या फांदीला. आणि त्या बाजूचे फणस कोवळे असतानाच भाजीला काढून टाक म्हणजे डोक्यावर पिकायला नकोत. शेवग्याला कधी बांधू नको हो, मी बांधला होता, कटकन फांदी मोडली, पोरगं खाली आणि फांदी त्याच्यावर, नशीब शेंगांशिवाय काही लागलं नाही. झोपाळ्याखाली ९ ते १२ इंच वाळू नाहीतर सोडणांचा भुसा पसर आणि दोन्ही बाजूंना ६ फूट आणि पुढेमागे फांदीच्या उंचीच्या दुप्पट मोकळं ठेव, तिथे चिरा नको, दगड नको. दोरी पावसाआधी आणि पावसानंतर ओढून बघायची, काथ्याची कुजते, नायलॉनची उन्हानं तडकते. काजूवर चढू दे, फांद्या खालीच असतात, मस्त झाड आहे चढायला. फक्त मार्च ते मेमध्ये कच्ची बी दातानं फोडू देऊ नको, सालीतल्या तेलानं ओठ भाजून सोलून निघतात.

चिखलाचं स्वयंपाकघर तर करच. दोन-दोन चिरे, वर फळी, एक फुटकी कढई, दोन करवंटीच्या डवल्या (पळ्या), एक पाण्याचा तांब्या. बस्स. आमच्याकडे यावर चार वर्षं रोज ‘झिंग्यांचं हुमण’ (कालवण) शिजलंय, झिंगे म्हणजे वाळकी पानं, आणि ते मला खाऊन ‘तिखट झालंय’ असं म्हणावं लागायचं. सासूबाईंना सांग, माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानावर चिखलकाला होतो, तिथे बाप्ये चिखलात लोळतात आणि देवाचं म्हणून आपण हात जोडून बघतो, मग नातवंडांनी काय घोडं मारलंय. खेळून झालं की साबणानं हातपाय धुवायचे, नखं कापायची, आणि फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकवायची नाही.

किरडवाचं मात्र सासूबाई बरोबर बोलतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत. चुडतांचा, लाकडांचा, चिऱ्यांचा ढीग खेळायच्या जागेजवळ नको, गवत कापलेलं हवं, भाताचं भुसकट सांडू नको कारण उंदीर आला की मागून ते येतंच. ते चिऱ्यांचं स्वयंपाकघरसुद्धा रोज खेळायच्या आधी काठीनं ठोकून बघ. दिवेलागणीला पोरं घरात. आणि देव न करो पण चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक तर नाहीच, हातपाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट हॉस्पिटल.

पावसात चार महिने काय असं विचारशीलच. मागच्या पडवीत फळी आणि कढई आत घे, पाऊस थोडा थांबला की पोरांना डबक्यात सोड. चिऱ्यांवर शेवाळ धरतं ते आठवड्याला घासायचं. करवंट्या मात्र उपड्या ठेव, नाहीतर पोरांआधी डासच राहायला येतील, अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

प्रश्न : मुलांसाठी वाळूचा हौद केलाय पण रोज रात्री मांजर घाण करून जातं. समुद्रावरची ताजी वाळू आणून बदलू का?
– एक आजोबा, पेडणे

उत्तर : आजोबा, समुद्रावरची नको, सीआरझेडच्या (किनारपट्टी जपायच्या) नियमात किनाऱ्यावरची वाळू उपसायला बंदी आहे, आणि ती खारट वाळू पोरांच्या खरचटलेल्या गुडघ्याला झोंबते ते वेगळं. बांधकामवाल्याकडून नदीची चाळलेली मागा, मशीनची नको, ती टोचते आणि धूळ उडते. मांजराची घाण खोऱ्यानं भोवतालच्या वाळूसकट काढून टाका, त्यातून जंत होतात. आणि संध्याकाळी वर झाकण घाला, जुनी ताडपत्री चालेल, चार कोपऱ्यांना चार दगड. मांजर दोन रात्री ताडपत्रीवर झोपेल आणि मग शेजाऱ्यांच्या परसात जाईल.